पोत्याखालची बॅटरी

सोमवार, संध्याकाळ

शिसारी आली आज. यांच्या टॉर्चची बॅटरी रोज रात्रभर चार्जिंगला राहून पुरीसारखी टम्म फुगली होती. ती फेकायची सोडून यांनी चपटी व्हावी म्हणून तांदळाच्या पोत्याखाली दाबून ठेवली! आज पोतं सरकवलं तर बॅटरी फाटलेली, पोत्याचा तळ ओला आणि तो गोडसर, औषधासारखा वास. अजून नाकातून जात नाही.

"पेटली असती तर?" मी ओरडले.

"कायले बोंबलून राहिली? वरचा तांदूळ चांगला आहे ना!"

वरचा म्हणे! अख्खं पोतं घरामागच्या खड्ड्यात ओतलं. तिथेही तोच वास. आणि हा माणूस वाकून काय शोधत होता? बॅटरी.

"उन्हात वाळवून पाहतो. एखादवेळ चालू होऊन जाईल."