पर्सच्या दुकानाचं काय करायचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लेडीज पर्स व हँडबॅगा शिवणे आणि दुरुस्त करणे, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत आणि चांगल्या मूडमध्ये हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी भानावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला. तपासताना मी त्यांना सांगितलं, की तुमच्या बायकोच्या पर्सचं बक्कल गेल्या उन्हाळ्यापासून माझ्याकडे पडून आहे, पितळी, डावीकडचा काटा वाकलेला. ते म्हणाले, "मावशी, झाली तपासणी."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. सगळ्यांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी शेवटच्या तक्त्यात घातले आहेत. मी मात्र हाक मारते तसंच लिहिणार. "कोणाला काय, एवढंच लिहा," असं त्यांनी मला बजावलं होतं. पण का ते लिहिलं नाही, तर मागे राहणारे आपापल्या मनाने कारणं जोडत बसतात. त्यापेक्षा माझीच घ्या.

कलम १. माझ्या राहत्या दोन खोल्या आणि बँकेत जी काही शिल्लक असेल ती माझ्या मुलाला मिळावी. तो लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो. घरी येतो तेव्हा फक्त झोपतो, तेव्हा झोपायला हक्काची जागा हवी. गॅलरीतल्या कुंड्याही त्याच्याच. त्या तो वाळवणार हे मला माहीत आहे, म्हणून आत्ताच माफ करून ठेवते.

कलम २. चौकातलं पर्सचं दुकान, त्यातली दोन शिलाई मशीनं, चामडं कापायच्या सुऱ्या, टोचे, हातोडी, बकलांचे आणि चेनचे सगळे डबे ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. वाडवडिलांकडून आलेली नाही. हे ठासून लिहा असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून ठासूनच सांगते.

मला हे काम कोणी शिकवलं नाही. लग्नानंतर आमच्या ह्यांनी एक तपकिरी पर्स आणली होती. वर्षभरात तिचा पट्टा निसटला, तशी मी ती पूर्ण उसवली. एकेक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने कडेने रेघ मारली आणि तसे तुकडे जुन्या पडद्यातून कापले. पर्स आधी उलटी शिवतात आणि मग सुलटी करतात, एवढं मला उसवताना कळलं होतं. पण सुलटी करण्यासाठी अस्तरात चार बोटं शिवण मोकळी सोडावी लागते, हे कळलं नव्हतं. मी चारी बाजूंनी घट्ट शिवली, वर चेनसुद्धा बंद ठेवून. झाली पर्स तयार, आतली बाजू बाहेर, आणि बाहेरची बाजू आत कायमची कोंडलेली! हे इतके हसले की शेजारचे बघायला आले. "उशी म्हणून वापरू," म्हणाले. खरंच वापरली, दोन वर्षं. तिसरी पर्स मात्र बरी जमली, ती शेजारणीनेच घेतली, आणि तिथून पुढे मी थांबले नाही.

कलम ३. माझ्या स्वतःच्या वापरातल्या पर्सेस, मोजून चव्वेचाळीस. त्या टेबलावर मांडाव्यात आणि मी गेल्यावर घरी भेटायला येणाऱ्या बायकांनी एकेक न्यावी. आधी रडून घ्यावं, मग निवडावी. रडता रडता एक डोळा टेबलावर ठेवणारीला शेवटी नंबर द्यावा.

त्यात सगळ्या फॅशनी सापडतील. एका वर्षी पर्स एवढ्या चिमुकल्या झाल्या, की बाईला आपला रुमाल नवऱ्याच्या खिशात ठेवावा लागे. दोनच वर्षांत त्या एवढ्या मोठ्या झाल्या, की एक बाई आपलं झोपलेलं मांजर पर्समध्ये घालून दुकानात आली. चकचकीत आली, झालरीची आली, पारदर्शक आली (ती आठवडाभरच टिकली, आपलं सगळं जगाला दाखवायची हौस कोणाला असते?). बाहेरून काही बदलो, तळाशी मी कायम तेच पाहिलं: सुटी पिन, डोकेदुखीची गोळी, एक चिकट झालेली टॉफी, आणि कोणाचा तरी नंबर लिहिलेला कागद. पुरुष विचारतात, "एवढं काय भरलेलं असतं त्यात?" आणि घराबाहेर पाऊल टाकलं की किल्ली, पाणी, कंगवा, स्वतःचा चष्मासुद्धा त्यातूनच मागतात.

कलम ४. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेल्या अकरा पर्स दुकानात वरच्या फळीवर आहेत. त्या कोणालाही देऊ नयेत. बाई दहा वर्षांनीसुद्धा येते. "अय्या, अजून आहे!" असं म्हणताना तिचा चेहरा जसा होतो, तो बघण्यासाठी फळी अडली तरी चालेल.

कलम ५. माझी नणंद. हिला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही, आणि तिने रागवू नये. कायदा असा आहे, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ठेवलेलं रद्द होतं. नणंद माझी पहिली साक्षीदार आहे, म्हणून तिचे हात रिकामे. तिचा डोळा माझ्या लाल पर्सवर आहे हे ठाऊक होतं. ती पर्स मी कालच तिच्या खांद्यावर अडकवली. जिवंतपणी दिलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही.

आता भांडण. पर्सची चेन बंद होताना पुढे यावी, पाठीमागे नाही. म्हणजे तोंड आपल्या नजरेखाली राहतं. त्यासाठी बाईला आधी विचारावं लागतं, कोणत्या खांद्यावर घेता? बावीस वर्षांपूर्वी नणंदेची पर्स शिवताना मी विचारलं नाही. ती उजव्या खांद्यावर घेते, मी डाव्याची शिवली. बसमध्ये कोणीतरी मागून चेन सरकवून हात साफ केला. तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही मुद्दाम केलंत." मी म्हणाले, "वन्सं, तुम्हालाच पर्स धरता येत नाही." तेव्हापासून ती मोठ्या दुकानातल्या पर्स घेते आणि माझ्या दुकानासमोरून त्या झुलवत, नाक वर करून जाते. तर लेखी देते: चूक माझी होती. विचारायला हवं होतं. चोराने काय नेलं ते तिने कधीच सांगितलं नव्हतं. काल लाल पर्स घेताना सांगितलं, चष्म्याचं रिकामं घर आणि अर्धं बिस्किट. बावीस वर्षं!

कलम ६. कलम २ मध्ये लिहिलेलं दुकान सगळ्या सामानासह माझ्या सुनेला मिळावं.

वकीलबाईंचं म्हणणं, तिला "पूर्वाश्रमीची सून" लिहा, कारण तिचा आणि माझ्या मुलाचा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. ती काही संन्यास घेऊन डोंगरावर गेलेली नाही, म्हणून मी सूनच लिहिते. दोघंही चांगली माणसं, पण दोन्ही उजव्या पायाचे बूट. जोडी जमली नाही. शुक्रवारी कोर्टाचा निकाल लागला. सोमवारी सकाळी ती दुकानाच्या दारात उभी. मला म्हणाली, "नर्सबाईंची बॅग अर्धी राहिलीय. उद्या न्यायला येणार आहेत. मी यायचं की नाही?" मी घड्याळाकडे बघितलं. "यायचं तर वेळेवर यावं. दहा मिनिटं उशीर झालाय." ती आत आली आणि मशीनवर बसली. बोलणं एवढंच झालं.

नर्सबाईंची ती बॅग तिचीच कल्पना. एक हात कामात असला तरी दुसऱ्या हाताने उघडावी, म्हणून तोंडाला चेन नव्हे, लोहचुंबक. आता अख्खं हॉस्पिटल ती बॅग वापरतं. कायद्याने आज तिचं माझ्याशी काही नातं उरलेलं नाही, मी लिहून ठेवलं नाही तर तिला एक टोचासुद्धा मिळणार नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

अटी: (अ) गिऱ्हाइकाच्या पर्सचं अस्तर गिऱ्हाइकासमोरच उघडावं. (ब) दुकानाच्या पाटीवर माझं नाव राहावं. (क) दुकान विकू नये, भाड्याने देऊ नये, दुसरा धंदा करू नये.

(या तिन्ही अटी मी खोडल्या आहेत. प्रत्येक रेघेशेजारी माझी सही आहे. कारण पुढच्या कलमात.)

कलम ७. इथपर्यंत लिहून मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खोलीत मुलगा, सून, नणंद, वकीलबाई आणि दुकानाशेजारचे चष्मेवाले होते. ते दुसरे साक्षीदार. सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाली, "आई, पेन देता का जरा?"

"कशाला?" पेन तिच्या हातात देत मी विचारलं.

"साक्षीदार म्हणून मीही सही करते. आत्ताच तुम्ही वाचलंत ना, सही केली की मिळणारं रद्द होतं. मग वादच नको."

मी कागदावर पंजा ठेवला. जन्मभर चामडं ओढलेला पंजा आहे, सहजासहजी हलत नाही.

"वाद कोण घालतंय?"

"लोक म्हणतील, नवरा सोडला पण दुकान सोडलं नाही. सासूला गोड बोलून गुंडाळलं."

"मी?" मी म्हणाले. "मला कोण गुंडाळणार? मी दिवसभर दुसऱ्यांना गुंडाळून देते."

नणंद खुर्चीतून पुढे सरकली. "लोक म्हणजे कोण गं? या दुकानाबद्दल सगळ्यात वाईट बोलणारी मीच होते. बावीस वर्षं बोलले. माझ्याइतकं कोणाला जमणार नाही. आणि मी सांगते, दुकान तुझं. आता बोल, पुढचा कोण उरला?"

मुलगा खिडकीशी उभा होता. त्याच्याकडे न बघता सून म्हणाली, "ह्यांचा हक्क आहे त्यावर."

"माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर मी शर्ट बदलतो," मुलगा म्हणाला. "मला दुकान देऊन काय करणार? घे तू. खरंच घे."

तरी तिने पेन खाली ठेवलं नाही. मी विचारलं, "पोरी, खरं काय ते सांग."

तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या मी दुसरं लग्न केलं तर? दुकान घेतलं म्हणजे जन्मभर तुमची सूनच होऊन राहायचं का? पाटी तुमची, नियम तुमचे. मला दुकान आवडतं हो, आई. पण असं भीतीने धरून ठेवायचं असेल, तर मी पगारावरच बरी आहे."

"कोणी आहे का?" नणंदेने लगेच विचारलं.

"कोणी नाही आत्याबाई. पण असलं तर?"

मी अटी पुन्हा वाचल्या. दुकान तिला देत होते, पण चालवणार मीच होते, मेल्यानंतरसुद्धा. वाचताना मला माझंच हसू आलं. तिच्या हातातलं पेन मी काढून घेतलं आणि तिन्ही अटींवर रेघा ओढल्या. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, नव्या कागदावर स्वच्छ लिहून घेऊ." मी म्हणाले, नको. खोडलेलं दिसू दे. प्रत्येक रेघेशेजारी सही करते.

"लग्न कर," मी सुनेला म्हणाले. "नाव बदल. पाटी बदल. पर्स सोडून छत्र्या शिव."

"विकलं तर?"

"विक."

"मशीनसुद्धा?"

इथे मी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला हे खरं आहे, आणि मी शपथेवर लिहीत असल्यामुळे लपवत नाही. "मशीनसुद्धा. ऐकायला मी नसेन. तरी सौदा हळू आवाजात कर."

ती हसली. सहा वर्षांत दुकानात ती पुष्कळ वेळा हसली असेल, पण अशी मोकळी नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उठली. "साडेदहा वाजून गेले. तुमच्या सह्या चालू द्या. आज गिऱ्हाइकांनी दाराशी उभं राहायचं का?" चपला घालताना दारातून म्हणाली, "आणि आई, छत्र्यांचं डोक्यात ठेवते बरं का. पावसाळ्यात पर्स कोण घेतं!"

सबब, कलम ६ मधलं दुकान सुनेला विनाअट. ती माझी सून राहो वा न राहो.

कलम ८. माझ्या मागे या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, खोडला आणि पुन्हा वाचला. तो मला मान्य आहे. साक्षीदारांसमोर मी सही करत असताना आणि ते माझ्यासमोर सही करत असताना मुलगा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता (माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच), आणि सून खोलीत नव्हती.

लिहून देणार: (सही) पर्सवाल्या मावशी

साक्षीदार १: (सही) नणंद. मला यातून काही मिळत नाही, आणि माझी काही तक्रारही नाही.

साक्षीदार २: (सही) शेजारचे चष्मेवाले. बाई शुद्धीवर आहेत. माझ्यापेक्षा जास्त.

ठिकाण: माझी राहती खोली, खिडकीजवळचं टेबल.

दिनांक: ७ मार्च २०२६, शनिवार.

वेळ: अकराला पाच कमी. दुकान उघडं आहे.