तार तू काढलीस, दादा

प्रिय दादा,

उद्या मला चौकशीला बोलावलंय. तिथे शांतपणे बोलावं लागेल, म्हणून आधी तुझ्यावर ओरडून घेते.

का काढलीस ती तार?

तू पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर, मी नाशिकच्या प्रयोगशाळेत सेन्सर बनवणारी. तुझ्या कॉम्प्रेसरच्या खोलीत अमोनियाचा वास कायमचाच. "मला नाय येत आता वास," तू म्हणायचास. मला भीती वाटली ती त्याचीच. म्हणून ती डबी बनवली. आत केसाहून बारीक सिलिकॉनच्या पट्ट्या, त्यांवर अमोनियाला धरून ठेवणाऱ्या रेणूंचा थर. वायू चिकटला की पट्टी वाकते, भोंगा वाजतो. "सुमे, दिसत तर काहीच नाय!" म्हणत हसलास, पण भिंतीवर लावलीस ती स्वतःच. किती बरं वाटलं होतं मला!

मग ती दिवसातून तीनतीनदा वाजायला लागली. मॅनेजर म्हणाला, "बंद कर ते, बाया काम टाकून बाहेर पळतात." आणि तू भोंग्याची तारच काढून टाकलीस! मला एक फोनही नाही? रविवारी आमच्याकडे जेवायला आलास. मी विचारलं, "डबी चालतेय ना नीट?" "एक नंबर," म्हणालास. खोटारडा!

चारच दिवसांनी व्हॉल्व्ह तुटला. द्राक्षं भरणाऱ्या सगळ्या बायांना तू बाहेर काढलंस. लोक तुला देवमाणूस म्हणतात. मला ऐकवत नाही. मास्क नसताना, तोंडाला ओला रुमाल बांधून गळती बंद करायला परत आत का गेलास? जिवंत बाहेर आलाच नाहीस.

आता मॅनेजर सांगतोय, डबी आधीपासून बिघडलेली होती. मी तिच्यातली नोंद तपासली, दादा. प्रत्येक वेळी ती खऱ्या अमोनियामुळेच वाजली होती. गळती आधीपासूनच होती! आणि त्यानं तुला दिलेला हुकूम द्राक्षं भरणाऱ्या लताबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

काल वहिनीनं माझा हात धरला. "वन्सं, तार यांनी काढली हे नका ना सांगू. पोरीनं काय काय ऐकायचं?" म्हणजे तिला सांगितलं होतंस! फक्त मलाच नाही.

मी सगळं सांगणार आहे. त्याचा हुकूम आणि तुझा हात, दोन्ही. तुझं झाकलं, तर त्याचंही झाकलं जाईल. पण त्याआधी, आजच, तुझ्या लेकीला मी स्वतः सांगेन. "पप्पा चुकले का?" असं तिनं विचारलं, तर हो म्हणेन. आणि ती स्वतःहून उठून जाईपर्यंत तिच्याजवळून हलणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेली,
सुमी