एकशे बाराव्या भागातला भाऊ

कल्याण (प.)
मंगळवार, दुपार

प्रिय क्षिप्रा,

तुझ्या आज्ञेप्रमाणे तुझ्या मालिकेतले ‘धाडसाचे आणि मायेचे दहा अविस्मरणीय क्षण’ मी मोबाइलवर क्रमाने पाहिले. तुझी मामी शेजारी शेंगा सोलत बसली होती. चौथ्या क्षणाला ती सूप उचलून आत गेली. मला तशी सोय नव्हती. रविवारी कोलशेतच्या स्टुडिओत तुमच्या विशेष भागाचं चित्रीकरण आहे, तिथे ‘खरे बहीण-भाऊ’ म्हणून तुझ्या आईशेजारी मी मंचावर बसायचं आहे, आणि बसणार की नाही ते तुला दोन दिवसांत हवं आहे. फोनवर मी ‘बघू’ म्हणालो. हे पत्र म्हणजे त्या ‘बघू’चा विस्तार. लांबलं तर सोस. अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला घंटा झाल्याशिवाय थांबता येत नाही, आणि घरात घंटा मामीच्या हातात असते.

आधी कौतुक करून घेतो, म्हणजे पुढे बोलायला मोकळा. संवाद तू चुरचुरीत लिहितेस. पण काय गं, तेविसाव्या भागात मितेशचं हॉल तिकीट खाडीत पडतं आणि बहीण अंतरा मागोमाग उडी घेते. कोलशेतची खाडी ती. तिथल्या चिखलात पाय गेला तर चप्पल तिथेच ठेवून यावं लागतं. ही बाहेर येते तेव्हा वेणी रिबिनीसकट जागेवर आणि हॉल तिकीट कोरडं. अठ्ठावन्नाव्या भागात ती कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन सहा गुंडांसमोर उभी राहते. गुंडही गुणी, एकाचं आटोपल्याशिवाय दुसरा पुढे येत नाही. आमच्या वर्गात एवढी शिस्त असती तर मी कालिदास पुरा करून दिला असता. सत्त्याऐंशीत मितेश रक्त देताना म्हणतो, ‘हे रक्त नाही डॉक्टर, ही राखी आहे.’ त्यावर डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसतात. बाहेर बाकीचे पेशंट ताटकळलेत, त्यांचं काय, ते कुणी विचारत नाही. आमच्या शास्त्रात रस नऊ. तुम्हाला वीर आणि करुण अभिप्रेत असावेत, मला मिळाला बीभत्स. त्याचा स्थायी भाव जुगुप्सा, म्हणजे साध्या मराठीत किळस. आणि स्थायी म्हणजे येऊन ठाण मांडणारा. पाहून चार दिवस झाले, पाहुणा अजून उठत नाही.

आता एकशे बारावा भाग, प्रेक्षकांनी पहिला नंबर दिलेला. दहावीच्या पूर्वपरीक्षेचा पेपर फुटलाय, अख्खी शाळा मैदानावर उभी आहे. मुख्याध्यापक विचारतात, कुणी फोडला. अंतरा पुढे येते, म्हणते मी फोडला. तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडणार, एवढ्यात फाटकातून मितेश धावत येतो. तीन वेगवेगळ्या बाजूंनी, तीनदा. ‘थांबा. ती खोटं बोलतेय. पेपर मी फोडला.’ मुख्याध्यापक दोघांना पोटाशी धरतात, सगळं माफ. मागे कबुतरं उडतात. शेवटी काळ्या पडद्यावर पाटी येते: सत्य घटनेवर आधारित, माझी आई हेमा आणि परशुराममामा यांना अर्पण.

ही सत्य घटना तू कुठे ऐकलीस ते मला माहीत आहे. डोंबिवलीच्या तुमच्या घरात, वरणभाताच्या घासाबरोबर, चार वर्षांची असल्यापासून. ‘मग मामा धावत आला, म्हणाला तिने नाही, मी.’ हेमाने हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी समोर पाटावर होतो. मी तिच्याकडे बघितलं. तिने तुझ्या तोंडात घास घातला आणि मला विचारलं, ‘तूप वाढू का रे?’ मी वाढून घेतलं. तेव्हापासून वाढूनच घेतोय.

तर क्षिप्रा, मामा धावत आला नव्हता. मामा तिथेच उभा होता, दाराशी, चार पावलांवर.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, आमच्याच शाळेत संस्कृत शिकवायचे. तेव्हा पेपर स्टेन्सिलवर काढत. मेणकागद असतो, त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षरं कोरायची, मग शाळेच्या यंत्रावर शाई लावून प्रती फिरवायच्या. अण्णा घरी बसून कोरत. माझ्या पूर्वपरीक्षेचा पेपर कोरताना पाचव्या प्रश्नावर लेखणी घसरली आणि कागद फाटला. त्यांनी नवा घेतला, पाचवा प्रश्नही बदलला, आणि फाटका माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘बंबात टाक.’ सकाळी आंघोळीचा बंब पेटवायचं काम माझं. रद्दी, करवंट्या, चुकलेल्या स्टेन्सिली, सगळं त्यात जायचं. ज्याची परीक्षा त्याच्याच हाती पेपर, ही चूक फक्त अण्णा करू शकत. मुलाचा संशय घ्यायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी तो बंबात टाकला नाही. खिडकीच्या काचेवर धरला. उजेडात अक्षरं अशी स्वच्छ दिसली की आजही पहिला प्रश्न मला पाठ आहे.

एकट्याने वाचून गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मला मोठेपणा हवा होता. माझ्या बाकावर कमलेश बसायचा, संस्कृतात कायम काठावर. त्याला मी स्टेन्सिल दिली. त्याने आणखी तिघांना दाखवली. परीक्षेत मी छापील पेपर वाचून उत्तरं लिहिली. या चौघांनी पाचवा प्रश्न वाचायची तसदीच घेतली नाही. जो विचारलाच नव्हता त्याचं उत्तर चौघांनी लिहिलं, शुद्ध, सुवाच्य. तपासायला अण्णाच. बिचाऱ्यांनी स्वतःच ते गठ्ठे मुख्याध्यापकांपुढे नेऊन ठेवले.

मैदान नव्हतं गं, कबुतरं नव्हती. मुख्याध्यापकांची खोली, आम्हा दोघा भावंडांना बोलावलेलं. नववीतली हेमा, दहावीतला मी. कमलेश आधीच आत, मान खाली. त्याने एवढंच कबूल केलं होतं की कागद सरांच्या घरातून आला. कुणी दिला ते सांगेना, दोस्तीला जागत होता. मुख्याध्यापक अण्णांना म्हणाले, ‘सर, तुमच्याच घरातून गेलाय, आता तुम्हीच विचारा.’ अण्णांनी विचारलं. मी बुटांकडे बघत होतो. हेमा म्हणाली, ‘मी दिला कमलेशला.’

हे ऐकायला सोपं वाटतं. त्या साली, आमच्या त्या आळीत, नववीतल्या मुलीने दहावीतल्या मुलाला चोरून कागद दिला, याचा अर्थ पेपर फुटला एवढाच होत नव्हता, हे तुला सांगायला नको. तिलाही तो कळत होता. मैत्रिणीचं नाव घेतलं असतं तर निभावलं असतं, पण मग त्या मैत्रिणीला बोलावलं असतं आणि खोटं उघडं पडलं असतं. कमलेश समोरच होता आणि तो गप्प बसणार हे तिने ताडलं. चौदा वर्षांची मुलगी, दोन श्वासांत एवढा हिशेब. घरी जाताना मी काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाली, ‘तुझी दहावी आहे रे. माझी काय, नववी.’ झालं. आमच्या मालिकेत एवढाच संवाद होता.

तिला दाखला मिळाला. आंबिवलीच्या शाळेत घातलं, तिथे संस्कृत नव्हतं. तुला ती सांगते ना, ‘मला बाई संस्कृतचा कंटाळाच होता’? ती नववीत मेघदूत म्हणायची आणि अण्णा पुस्तक मिटून ऐकायचे. माझ्या वेळी पुस्तक उघडं ठेवावं लागे. त्या दिवसानंतर अण्णा तिच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. ‘तिला सांग, पाणी ठेव.’ ‘तिला विचार, डबा घेतला का.’ हे निरोप कुणामार्फत जायचे? माझ्या. मी ते इमानेइतबारे पोचवले. दहावीला मला संस्कृतात अठ्ठ्याण्णव मिळाले. बक्षीस समारंभात अण्णा रडले. हेमा मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. अण्णा गेले तेव्हाही त्यांना खरं माहीत नव्हतं, आणि शेवटच्या आजारात त्यांचं सगळं तिनेच केलं.

इथवर वाचून तुला वाटेल, मामा अडतीस वर्षं मनात जळत होता. तसं असतं तर मी स्वतःला बरा माणूस म्हटलं असतं. खरं पुढेच आहे. एकशे बारावा भाग मी आधीच पाहिला होता, पहिल्यांदा लागला त्याच दिवशी, मामीबरोबर. मितेश फाटकातून धावत आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानाने. क्षणभर मला खरोखर वाटलं की धावणारा मीच आहे. मामीने पदर पुढे केला तर मी त्याला डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत प्राची मॅडमनी पेढे वाटले. म्हणाल्या, ‘सर, तुम्ही कधी बोलला नाहीत.’ मी म्हणालो, ‘अहो, त्यात काय, कर्तव्यच होतं.’ हे मी म्हणालो, क्षिप्रा. कुणी दटावलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. दहावीतला विकी जिन्यात आडवा आला, ‘सर, तुम्ही तर रिअल हिरो निघाले, एक नंबर,’ आणि भसकन पाया पडला. मी आशीर्वाद दिला. खालच्या मजल्यावरच्या कलावतीबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, त्याखाली हात जोडलेली चित्रं आली, ती मी मोजली. पंधराव्या वर्षी भीती होती असं म्हणता येतं. त्रेपन्नाव्या वर्षी काय म्हणणार? तुझ्या खाडीतल्या उडीला मी वर एवढी नावं ठेवली, पण त्या उडीचा मला राग नव्हता. ते दहा क्षण पाहताना जो वास येत होता तो माझ्याच अंगाचा होता, हे कळायला मला दहावा क्षण यावा लागला.

परवा हेमा आली होती. रविवारसाठी माझ्याकरता जाकीट शिवून घेतलंय, खादीचं, मोरपंखी. घालायला लावलं, पाठीवरून हात फिरवून खांदा बसतोय का बघितलं. मी म्हणालो, ‘हेमे, मला हे जमायचं नाही. पोरीला खरं सांगतो.’ तिने टाचण्या तोंडात धरलेल्या, त्या काढून डबीत ठेवल्या. म्हणाली, ‘कशाला? एवढं छान लिहिलंय तिने. तिची पहिली मालिका आहे. तू फक्त बस, बोलायचं ते मी बोलते.’ ऐकलंस? अजूनही बोलायचं ते तीच बोलणार. आणि मी, बाई, मान डोलावली. जाकीट अंगात होतं, आरशात बरा दिसत होतो.

आणि म्हणून लिहितोय. नाही, क्षमेसाठी नाही. ती मागायची ठिकाणं वेगळी आहेत, त्यातलं एक फुलांचा हार घालून भिंतीवर आहे. तू आईला सुटका झालेली मुलगी म्हणून लिहिलंस. तिची सुटका कुणी केली नाही, आणि तरी तिने भावाची नवी गोष्ट रचून तुला भरवली, हे तुला ठाऊक असायला हवं. पण तेवढ्यासाठीही हे पत्र नाही. मी रविवारी येणार आहे आणि मंचावर बसणार आहे. निवेदिका विचारेल, ‘सर, त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?’ तेव्हा मला सांगायचं आहे की मी बुटांकडे बघत होतो. पण मी मला चांगला ओळखतो. दिवे लागतील, लोक टाळ्या वाजवतील, हेमा माझ्याकडे बघून हळूच मान हलवेल, आणि मी पुन्हा कर्तव्यच होतं म्हणून मोकळा होईन. आता निदान तुला माहीत आहे. तू पहिल्या रांगेत बस, माझ्या अगदी समोर. हेमा बोलायला लागली तर तिला थांबव, तुझी आई आहे, ऐकेल. आणि माझ्यावरची नजर काढू नकोस. मी बोलेपर्यंत.

तुझाच,
अडतीस वर्षं न सापडलेला,
परशुराममामा