दिवे लागल्यावरचा घास

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण सूर्य मावळायच्या आत जेवायचा आपल्या जैन घरातला नियम मी सोडला नव्हता. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये आल्यावर नाही, मिरजेच्या दवाखान्यात लॅबची नोकरी लागल्यावरही नाही. संध्याकाळी लॅबच्या मागच्या खोलीत मी उभ्या उभ्या डबा उघडते, चपाती-भाजी पोटात ढकलते आणि पुन्हा कामाला लागते. पाळणाघरातून पोरांना घेऊन घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात. ती जेवायला बसतात तेव्हा माझं जेवण झालेलं, म्हणून तो वेळ मला फुकटात मिळाल्यासारखा वाटायचा. मशीन लावायचं, उद्याची भाजी चिरायची, थोरलीचं दप्तर भरायचं. शेजारणी म्हणायच्या, हिचं सगळं कसं वेळेवर असतं. मला त्याचा थोडा ताठाही होता.

फक्त धाकटा जेवेना. चार वर्षांचा आहे. दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. गाल बसले त्याचे. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत काही दोष नाही. मग मी मोबाइल लावून दिला, ओरडले, एकदा धपाटाही घातला. नवरा म्हणाला, "थोडे दिवस नोकरी सोडतीस का?" मला इतका राग आला की दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. रागापेक्षा भीती जास्त होती, कारण तो बरोबर असेल असं मलाही वाटत होतं.

परवा सुट्टीच्या दिवशी थोरली भातुकली खेळत होती. सगळ्या बाहुल्या गोल बसवलेल्या, पुढ्यात बाटल्यांच्या झाकणांची ताटं. एक बाहुली मात्र लांब, भिंतीकडे तोंड करून उभी. "हिला का नाही बसवलीस गं?" मी विचारलं. "ती आई हाय. ती सिंकपाशी असतीय," ती मान वर न करता म्हणाली.

मला आपलं कवठे महांकाळचं स्वयंपाकघर आठवलं. हंगामात शेडवर बेदाणा निवडून तू येतेस तेव्हा अंधार पडलेला असतो, तुझं जेवण हुकलेलं असतं. आम्हा पोरांना नियमातून सूट आहे. तू वाढतेस आणि आमच्या ताटांशी मांडी घालून बसतेस. भांडी पडलीत असं मी म्हटलं की तू दटावतेस, "भांडी कुठं पळून जात्यात व्हय? जेव की गुमान." तू का जेवत नाहीस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला भूक न्हाई." मी तुझा नियम तेवढा उचलला आणि तुझं बसणं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

काल मशीन लावलं नाही. धाकट्याशेजारी जाऊन बसले. माझ्यापुढे ताट नाही हे त्यानं पाहिलं, आपल्यातला वरणभाताचा घास उचलला आणि माझ्या तोंडाशी धरला. खिडकीबाहेर काळोख होता. मी तोंड उघडलं. मग एक त्याचा, एक माझा असं करत ताट संपलं आणि त्यानं आणखी भात मागितला. नियम मोडल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आज पुन्हा मोडला.

आणि एक सांगते. संध्याकाळी डबा खाल्लेला असला, तरी पोरांची ताटं वाढताना मला रोज भूक लागते. तू तर दुपारपासून उपाशी असायचीस. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. पाठवलं असतं तरी तू उलट टपाली तेच कळवलं असतंस, भूक न्हाई म्हणून.