पांघरुणांची अदलाबदल

अरे, ताईकडे चाललेय. कधी येईन, ते बघू.

काळ्या-भुऱ्याला झोपवताना वेगवेगळ्या पिंजऱ्यांतच ठेव. रडले, भुंकले तरी दार उघडू नकोस. तू लगेच विरघळतोस. आणि त्यांची पांघरुणं अजिबात धुवू नकोस! काल माझ्याकडून चुकून त्यांची अदलाबदल झाली, आणि रोज घर डोक्यावर घेणारे दोघंही त्यांत नाक खुपसून गाढ झोपले. भावाच्या वासानं, की नुसते दमले होते म्हणून? आज पुन्हा तशीच घालून बघ आणि मला लगेच कळव. डोक्यातून जातच नाहीये.

भांडणानंतर तू जी उशी घेऊन सोफ्यावर झोपतोस, ती मी नेतेय. तिथे माझी ठेवलीय. तिचाही अभ्रा धुवू नकोस.