उतारावरचे बोंडू

आई,

माझी नजर शाबूत आहे. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर हे ऐकल्याशिवाय बाकीचं काही ऐकून घेतलं नसतंस.

गेल्या महिन्यात न्हाणीघरातून बाहेर येताना माझा डावा खांदा चौकटीवर आपटला. लागलं फारसं नाही, पण मी तिथेच उभी राहिले. तुझाही डावाच खांदा आपटायचा. आपटला की तू दाराला शिव्या द्यायचीस, जणू तेच तुझ्या वाटेत आलं होतं. चाळिशीनंतर मी दर वर्षी डोळे तपासून घेते आहे, आणि आजवर सगळं ठीक निघत होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब दोनदा मोजला. वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या. दाब थोडा चढलाय, म्हणाल्या. घरात कुणाला काचबिंदू होता का? आईला, मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं आणि नजरेचा घेर तपासायला पुढच्या आठवड्यात बोलावलं. तो आठवडा मी घरात कुणाला काही बोलले नाही. स्वयंपाकघरात उभी राहून एक डोळा झाकायची, समोरच्या डब्यांकडे बघायची आणि बाजूची खिडकी दिसते का ते पाहायची. दिसायची. मग वाटायचं, तुलाही अशीच दिसत असेल.

आपल्या गावी, लाटंबार्श्याच्या त्या उतारावर, तेव्हाच्या आपण दोघी आहोत. मी शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले आहे, सुट्टीच्या दिवशी तुझ्याबरोबर काजूच्या बागेत येते. तुझ्या हातात टोकाला खिळा ठोकलेली काठी. पडलेल्या बोंडूला, काजूच्या त्या रसाळ फळाला, खिळा टोचायचा, वर घ्यायचा, पिळा देऊन बी वेगळी करायची, बोंडू एका टोपलीत, बी दुसऱ्या. झाडावरचा बोंडू तू कधी ओढला नाहीस. पिकला की तो आपणहून खाली येतो, आणि तसा आलेल्याचाच रस गोड. बियांच्या सालीतला डीक, कातडी भाजणारा तो चीक, हाताला लागलेला असे, म्हणून बागेत डोळ्याला बोट लावायचं नाही हा तुझा नियम. डोळा खाजला तर दंडाने पुसायचा. मी अजून दंडानेच पुसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही सवय चांगली आहे.

त्या वर्षी तुझ्यामागून चालताना मला बोंडू सापडू लागले. तू जिथून गेली होतीस तिथेच, वाटेच्या दोन्ही बाजूंना, लाल-पिवळे, लख्ख. मी ते टोपलीत टाकले की तू म्हणायचीस, "हे खंयचे गो? आतां पडले?" समोरचा एकही तुझ्याकडून सुटत नव्हता. पुढे तू मान वळवून वळवून बघू लागलीस. अशी का बघतेस, मी विचारलं तर हसून म्हणालीस, "कोंबडी पळयता तशी पळयता हांव. कोंबडेक कोण दोतोर दाखयता?"

मी डॉक्टरांचं नाव काढलं की तुझं उत्तर ठरलेलं. डोळे आले की तू धण्याचं पाणी घालायचीस आणि ते बरेही व्हायचे. हे डोळे येणं नव्हे, हे तुला कळत होतं. हा मोतीबिंदू, तू ठरवून टाकलंस, आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नसतो. गावात सगळे हेच सांगत. शेजारची मावशीसुद्धा. "पिकूं दी गो. कच्चो बोंडू ओडून काडल्यार रोस येता?" मला ते पटत होतं, आई. मीही त्याच बागेत वाढलेली. पिकायची वाट पाहणं हे आपल्याकडे शहाणपणाचंच काम होतं.

शेवटी तू तयार झालीस ती माझ्या हट्टापायी. आपण म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो, पण भाषेचं आंदोलन पेटलं होतं. अस्नोड्यापुढे रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली. बस थांबली, आणि आतले लोक मराठी की कोंकणी यावर एकमेकांच्या अंगावर जायला लागले. तू मला कोपराने ढोसलंस. "शाळेंत तूं एक शिकयता, घरांत दुसरी उलयता. तुका खंयच्या वाटेन धाडटले गो हे?" मागच्या बाकावरचा एक म्हातारा इतका हसला की भांडणारेही थांबले. बस परत फिरली. घरी पोचल्यावर तू चहा ठेवलास आणि म्हणालीस, बरं झालं, तेवढाच आणखी पिकेल.

पुन्हा गेलो तेव्हा गोवा राज्य झालं होतं. डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांत उजेड घातला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. तू विचारलंस, "पिकला मरे?" ते म्हणाले, "मावशे, हो मोतीबिंदू न्हय. हो काचबिंदू. हो पिकना." आतली शीर सुकत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. गेलेली परत येत नाही. तू हात मांडीवर ठेवून बसली होतीस. "पिकना? मागीर हांव कसली वाट पळयतालीं?" मग तू दुसरा प्रश्न विचारलास, जो मला सुचलाच नव्हता: "उरलां तें उरतलें?" थेंब रोज घातले तर उरेल, ते म्हणाले. येताना तू बाजारात उंडे, ते गोल पाव, घेतलेस, आणि बसमध्ये खिडकीकडे मान वळवून एक उंडा पुरा खाल्लास.

कडेचं जग तुला पुन्हा दिसलं नाही. पण मधलं उरलं. शेवटच्या आजारातही तू दारातून आलेल्याला चेहऱ्यावरून ओळखत होतीस. ते त्या थेंबांनी. बाटली आपण पाण्याच्या मडक्याच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवायचो. संध्याकाळी दिवा लावून झाला की तू चटईवर उताणी पडायचीस, मी तुझी खालची पापणी ओढायची आणि तू तोंड उघडायचीस. रोज. आ करून, गिळायला बसल्यासारखी. "आई, थेंब डोळ्यात घालतेय मी, तोंडात नव्हे." तू आ तसाच ठेवून म्हणायचीस, "तोंड धांपलें जाल्यार दोळो धांपता." मी हसायची, आणि थेंब गालावर जायचा. मग पुन्हा.

काल तपासणी झाली. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवतात. एक डोळा झाकतात. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठे बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. खोलीत अंधार. पहिला उजेड डावीकडे खाली आला आणि मला उतार आठवला. मग एकेक येत गेले. वर, कडेला, अगदी टोकाशी, काही इतके फिके की आहेत की नाहीत कळेना. मी दाबत गेले. एखादा बराच वेळ आला नाही की वाटायचं, येऊन गेला, मी मागे सोडून आले.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर धरला. घेर पूर्ण आहे, म्हणाल्या. कुठे काही गेलेलं नाही. दाब आहे, तो थेंबांनी उतरेल. रात्री एक थेंब, रोज, कायमचा. मुलीलाही तपासून घ्यायला सांगा. मी त्यांना म्हटलं, मग खांदा का आपटला? त्या म्हणाल्या, घाईत असाल.

मी बाहेर पायरीवर बसले. समोर रस्ता, दोन्ही बाजूंची दुकानं, डावीकडून येणारी स्कूटर, उजवीकडे कठड्यावरचं मांजर. मान न वळवता सगळं. मला रडू आलं नाही. भूक लागली.

हे मी लिहिते आहे, पण तुला वाचता येत नव्हतं. घरी पत्र आलं की मीच मोठ्याने वाचून दाखवायची, आणि तू मध्येच थांबवून विचारायचीस, पुढे काय, ते आधी सांग. म्हणून पहिल्या ओळीतच सांगितलं. हे पोस्टात टाकायचं नाही. ड्रॉवरमध्ये थेंबांच्या बाटलीखाली राहील.

एक मात्र कबूल करते. काल रात्री आरशासमोर उभी राहिले, हात धुतले, मान मागे टाकली, खालची पापणी ओढली. नाकाजवळचा कोपरा नंतर दाबून धरायचा, हे बाईंनी शिकवलं होतं. थेंब पडायच्या आधी आरशात नजर गेली. माझं तोंड सताड उघडं होतं. मी ते मिटलं. डोळाही मिटला, थेंब गालावर गेला.

मग आ केला आणि दुसरा घातला. तो बरोबर पडला.