धरणीला पाजलेली चीचा

अँतोफागास्ता,
१९ ऑक्टोबर

प्रिय एदुविना मावशीस,
यास्नाची घट्ट मिठी. तू ती झटकून टाकशील हे माहीत आहे, तरी.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आपल्या पेइने गावच्या बसवाल्या नोल्बेर्तोच्या हाती देते आहे, त्याच्यावर तरी तुझा राग नसावा. गुडघे कसे आहेत? लामांना चारा पुरतोय का? तिलोमोंतेच्या अल्गारोबोच्या झाडांना फुलोरा आला असेल. इथे समुद्रावरून रोज धुकं येतं आणि दुपारपर्यंत कपडे वाळत नाहीत. मी बरी आहे. काम चालू आहे. जेवते वेळेवर.

मागच्या रविवारी तू मला दारातूनच परतवून लावलंस. अख्खा दिवस बसमध्ये काढून आले होते, पाणीसुद्धा विचारलं नाहीस. "माझ्या हातच्याला घाण म्हणणारीला या घरात थारा नाही," म्हणालीस, तेही शेजारच्या फ्लोरिंदाला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग आत गेलीस, पुन्हा बाहेर आलीस. मला वाटलं, विरघळली. तर हातात माझा ऑगस्टात विसरलेला स्वेटर. तो दिलास आणि दार लावलंस. बसमध्ये मला रडू आलं आणि हसूही आलं, नोल्बेर्तोला विचार.

मी घाण म्हटलं नव्हतं, मावशी. त्या कालामाच्या रेडिओवाल्यानं म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी काय म्हटलं होतं ते तू ऐकून घेतलं नाहीस, म्हणून आता पहिल्यापासून सांगते. चष्मा लाव आणि वाच.

कॅम्पवर तुला स्वयंपाकाला मीच बोलावलं होतं. आपल्या त्या रखरखीत पठारावर आम्ही मंगळावर जाणाऱ्या यंत्राच्या जुळ्या भावाला जमीन पोखरायला शिकवत होतो, कारण मंगळाच्या मातीशी इतकी मिळतीजुळती, इतकी कोरडी माती दुसरीकडे कुठे मिळायची? माझं काम एकच. त्या भोकात आपलं काही पडू द्यायचं नाही. ना घाम, ना शिंक, ना केस. तूच चिडवायचीस मला, "बाळंतिणीच्या खोलीलासुद्धा कुणी एवढं जपत नाही गं, तू भोकाला जपतेस." सगळा कॅम्प हसायचा तेव्हा.

जिथे भोक पाडायचं होतं तिथे आम्ही लाल फडक्याची खुंटी ठोकली. कुणी जवळ येऊ नये म्हणून. आणि तुला ती खुंटी दिसली ती कशी? धरणीचं तोंड इथे उघडणार, अशी खूण. त्यात ऑगस्टची पहिली तारीख, धरणीला पाजायचाच दिवस. पाचामामाला, आपल्या धरणीआईला पाजल्याशिवाय तू कधी साधी बटाट्याची सरीसुद्धा उकरली नाहीस, मग इथे तर यंत्र दोन माणूस खोल जाणार होतं. आम्ही सगळे तंबूत तुझी पातास्का ओरपत होतो आणि तू खुंटीपाशी उकिडवी बसून खड्डा केलास, कोकाची पानं ठेवलीस, घरून आणलेली आंबवलेली चीचा ओतलीस, आणि वरून माती सारखी केलीस. इतकी नीटनेटकी की माझ्यासारखीलाही संशय आला नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र बरोबर त्यातूनच खाली गेलं.

खालून आलेल्या मातीत जिवंत पेशी निघाल्या. काय सांगू तुला, डॉक्टर उर्रुतिया, म्हणजे आमचे प्रमुख, लहान मुलासारखे उड्या मारत होते. जिथे शतकानुशतकं थेंब पडला नाही तिथे जीव, म्हणजे मंगळावरही असणार, म्हणजे हेच यंत्र तिकडे पाठवा. परदेशी पाहुणे मिठ्या मारत होते, पिस्कोच्या बाटल्या फुटत होत्या. मीही प्यायले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू.

मग प्रयोगशाळेत त्या पेशी बशीत वाढल्या आणि मी झाकण उचललं. मावशी, तुझ्या स्वयंपाकघराचा वास आला. चीचेसाठी अल्गारोबोच्या शेंगा कुटून, पाणी घालून, मडक्यावर घोंगडी टाकून ठेवतेस ना, तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत येतो तो वास. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. पुन्हा उचललं. तोच.

तुला फोन केला तेव्हा तू जराही न बिचकता म्हणालीस, "ओतली ना. मग काय तिला उपाशीपोटी भोसकू देऊ?"

सभेत मी उभी राहिले. म्हटलं, "हा इथला जीव नाही. हा आपल्या स्वयंपाकघरातला आहे."

डॉक्टर म्हणाले, "कशावरून?"

"वासावरून."

सगळे हसले. डॉक्टर अगदी प्रेमानं म्हणाले, "यास्ना, नाकाला पुरावा म्हणत नाहीत."

"मग पुरावा आणते. मावशीचं विरजण आणते, दोन्ही शेजारी ठेवून बघा."

त्यांचं हसू गेलं. समारंभ ठरला होता, मंत्री येणार होते. बाजूला घेऊन म्हणाले, "तोवर तोंड मिटून बस. नंतर बघू. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कशाला चावायचे?" मी पुन्हा आत गेले आणि पाहुण्यांसमोर तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं. तेच त्या रेडिओवाल्यापर्यंत पोचलं.

वर लिहिलं ना, काम चालू आहे म्हणून? नाही चालू. त्याच दुपारी माझं ओळखपत्र काढून घेतलं. सध्या मारिसेलच्या मासळीच्या दुकानावरच्या खोलीत राहते, सकाळी तिला बर्फ फोडून देते. वेळेवर जेवते हे मात्र खरं आहे, रोज मासळीच असते.

तू म्हणशील, मग कशाला केलास हा उपद्व्याप? गप्प बसली असतीस तर खुर्ची राहिली असती, मावशीची अब्रूही राहिली असती. तर ऐक. मला तिकडे जीव सापडायला हवा आहे. डॉक्टरांपेक्षा जास्त हवा आहे. तुझ्या छपरावर आडवी पडून तुला विचारायचे ना, तिकडे कोण राहतं, आणि तू म्हणायचीस, राहत असेल कुणीतरी, आपल्यासारखंच कामात असेल. मला ते कुणीतरी हवं आहे. पण ते त्यांचं असावं. एवढ्या लांब जाऊन आपलीच थुंकी सापडली आणि आपण नाचलो, ही शरम मला नको. आणि आपलं काही तिकडे सांडलं, रुजलं, आणि तिथं जे होतं ते खाऊन बसलं तर? मग ते कोण होतं हे कोणाला कधी कळणार? तू म्हणतेस, विचारल्याशिवाय धरणी उघडू नये. मी म्हणते, परक्याच्या घरात शिरताना पाय धुवावेत. आपण भांडतो आहोत ते नेमकं कशावरून, मला कळत नाही.

माफी मागायला मी आले नव्हते आणि आजही मागत नाही. तू पाजलंस, ते बरोबर. तेच भोकात सापडलं आणि आम्ही त्याला नवा जीव म्हणालो, ते चूक. दोन्ही खरं आहे आणि तुला दोन्ही ऐकावं लागेल.

आता मागणं. तुझ्या चीचेचं विरजण, एक चमचा. ते घराबाहेर गेलं की घराची बरकत जाते, हे मी जाणते. लग्न होऊन शहरात निघाली तेव्हा आईलासुद्धा तू दिलं नाहीस. पण ते मिळालं नाही तर समारंभ होणार, आणि तुझी चीचा जगातला सगळ्यात चिवट रानटी जीव म्हणून मिरवणार.

एक सांगते. रविवारी तू स्वेटर आणायला आत गेलीस तेव्हा विरजणाची बरणी खिडकीत होती, हात लांब केला की मिळाली असती. नाही घेतली. मला ती मागून हवी आहे.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
यास्ना


अँतोफागास्ता,
८ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

बरणी पोचली. नोल्बेर्तोनं ती सीटमागे तुझ्या एप्रनात गुंडाळून ठेवली होती आणि वाटेत दोनदा उतरून बघितली म्हणे. चिठ्ठी नाही बघून माझा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "निरोप आहे. झाकण घट्ट लावू नको, फुटेल. एका चमच्यानं कुणाचं भागलंय, अर्धं पाठवते. आणि मागितलंस म्हणून दिलं. नेलं असतंस तर हात मोडले असते, मी पडद्याआडून बघत होते."

मी तिथे फुटपाथवर बसून रडले. मारिसेल घाबरून बाहेर आली, तिला वाटलं कुणी गेलं.

विद्यापीठातल्या मैत्रिणीनं तपासलं. भोकातलं आणि तुझ्या बरणीतलं, एकच. सारखं नव्हे, एकच. पाहुण्यांनी ते पुन्हा तपासून घेतलं आणि समारंभ रद्द झाला. कुणी मला हार घातला नाही. विद्यापीठाच्या जिन्यात जुने सहकारी भेटतात ते असं बघतात जणू मी कुणाचं लेकरू मारलं. मलाही वाईट वाटलं, मावशी. त्या नाचलेल्या संध्याकाळचं वाईट वाटलं.

मग डॉक्टर टीव्हीवर आले आणि म्हणाले, स्वयंपाकिणीच्या अंधश्रद्धेनं प्रयोग बिघडला, यापुढे गावातल्या लोकांना कॅम्पवर बंदी. ते ऐकलं आणि मी चप्पल घालून निघाले ती थेट कालामाला, त्याच रेडिओवर. तू ऐकलं नसशील म्हणून लिहिते. म्हटलं, "त्या बाईनं जमीन उघडण्याआधी तिची परवानगी मागितली. आम्ही कुणाची मागितली? खुंटी कशासाठी आहे, हे आमच्यापैकी एकानंही तिला सांगितलं नाही. भोकाला जपत बसलो आणि रोज जेवू घालणाऱ्या माणसाशी बोललो नाही."

रेडिओवाला म्हणाला, "म्हणजे जीव सापडलाच नाही?"

"सापडला ना. पेइनेचा सापडला."

तो हसला. हसू दे.

आता खरी बातमी. आपल्याकडून तिकडे चुकून जाऊ शकतील असे सगळे जीव पाहुण्यांच्या संस्थेत गारठ्यात जपून ठेवतात. पुढेमागे मंगळावर काही निघालं तर आधी त्यांच्याशी ताडून बघायचं, म्हणजे आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं ते कळेल. तुझं विरजण आता तिथे आहे. नुसता आकडा घालणार होते. मी म्हटलं, नाव घालायचं नसेल तर बरणी परत द्या. बरीच खळखळ केली, पण घातलं. कुपीवर 'एदुविना, पेइने' लिहिलं आहे. तेव्हा उद्या त्या तांबड्या मातीतून चीचेचा वास आलाच, तर तुझं नाव आधी निघेल. ते नाव नसेल, तरच ते कुणीतरी खरं. समजलं? त्यांना ओळखायचं तर आधी तुला ओळखावं लागणार आहे.

पाहुण्यांना पुढच्या ऑगस्टात नवं भोक पाडायचं आहे आणि राखण मी करावी असं त्यांचं म्हणणं आहे. मी एक अट घातली. आधी मावशी येईल, तिला वाटेल तिथे पाजेल, त्यातलं चमचाभर मी कुपीत ठेवीन, आणि मग खुंटी तिथून लांब ठोकायची. डॉक्टर म्हणाले, "असले विधी प्रकल्पात बसत नाहीत." मी म्हटलं, "मग मीही बसत नाही." अजून उत्तर नाही. नसेना का. मारिसेलकडे बर्फ पुष्कळ आहे.

ऑगस्टात मी येणार आहे, प्रकल्प असो नसो. भोक नसलं तरी धरणीला तहान असेलच. या वेळी दार लावू नकोस, आणि स्वेटर मी मुद्दाम विसरून जाणार आहे, तो परत करायला धावू नकोस.

तुझ्याच हातची,
यास्ना